काय ऐकलंस ते सांग

शिराळ्यावरून विमानं जातात, इथं उतरत नाहीत. बाहेरच्या माणसाला शिराळा म्हटलं की नाग आठवतो, नागपंचमी आठवते. आम्हाला मात्र लहानपणापासून रात्री गच्चीवर पडल्या पडल्या दक्षिणेकडे सरकणारा लुकलुकता दिवा ओळखीचा. तो कुठून निघाला, कुठं चालला, कुणालाच ठाऊक नसायचं. पण मोहल्ल्यातल्या बायकांना दुसरी एक गोष्ट तोंडपाठ होती. ००९६६ म्हणजे सौदी, ००९६५ म्हणजे कुवेत, ००९७१ म्हणजे दुबई. ज्यांना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं त्यांनाही हे आकडे यायचे. घरातला एखादा मुलगा गवंडी, वेल्डर नाहीतर ड्रायव्हर म्हणून तिकडे गेलेला असायचाच. हाजींना घेऊन मुंबईहून जेद्दाला जाणारं जहाजही १९९५ साली बंद झालं. त्यानंतर रोजीसाठी जा की हजसाठी जा, वाट आभाळातूनच.

माझे अब्बा तारखात्यात होते. तारबाबू. कट्ट-कडकट्ट हा आवाज त्यांच्या बोटांत इतका मुरला होता की जेवायला बसल्यावरही ताटाच्या काठावर बोटं वाजायची. तारेत आकडे आले, म्हणजे रक्कम, तारीख, गाडीची वेळ, की ते शेवटी पुन्हा पाठवायचे आणि समोरच्याने ते परत सांगायचे, ही त्यांच्या कामाची शिस्त. शुभेच्छांच्या तारांना ठरलेले क्रमांक असत. क्रमांक चुकला तर लग्नघरी दिवाळीच्या शुभेच्छा पोहोचायच्या. ही शिस्त त्यांनी घरातही आणली होती. दुकानात पाठवताना सामान सांगून झालं की आम्ही ‘हां अब्बा’ म्हणून पळायला लागायचो. ते मागून हाक मारायचे, ‘हां नक्को. क्या सुन्या वो बोल.’ काय ऐकलंस ते सांग. मग उंबऱ्यात उभं राहून सगळी यादी म्हणून दाखवायची. तेव्हा याचा फार राग यायचा. त्यांचं म्हणणं असं, की ‘हां’ म्हणणाऱ्याने ऐकलं असेलच असं नाही, आणि ऐकलं असलं तरी तेच ऐकलं असेल असं नाही.

तारेचा दरारा एवढा, की ती फोडण्याआधीच घरात रडारड सुरू व्हायची. एकदा कुवेतला सुखरूप पोहोचल्याची तार आली होती. शिपाई दारात दिसताच बायकांनी टाहो फोडला. तो बिचारा वाचून दाखवतोय आणि ऐकतंय कोण?

१३ नोव्हेंबर १९९६ची सकाळ मला चांगली आठवते. रेडिओवर बातमी होती. आदल्या दिवशी संध्याकाळी दिल्लीजवळ, हरियाणातल्या चरखी दादरीच्या आभाळात दोन विमानं एकमेकांवर आदळली होती. एक सौदीचं, दुसरं कझाकस्तानचं. शेजारच्या खालाचा मधला मुलगा दोनच दिवसांपूर्वी मुंबईहून दम्मामला निघाला होता. विमान दिल्लीहून सुटलेलं, हा मुंबईहून गेलेला, आणि तोही आधीच. हे आम्ही तिला दहादा सांगितलं. पण तिच्या कानात ‘सौदीका विमान’ एवढेच दोन शब्द शिरले होते. त्यांच्या पलीकडचं काही आत जात नव्हतं. शेवटी अब्बा तिला घेऊन बूथवर गेले. मीही मागोमाग. मुलाच्या मुक्कामाच्या जागेचा एक नंबर तिच्याकडे चिठ्ठीवर होता. सातव्या-आठव्या वेळी लागला. मीटरचे लाल आकडे पळू लागले. पलीकडे कुणीतरी केरळचा माणूस होता, त्याला हिंदी जेमतेम. खालाने मुलाचं नाव घेतलं. तो म्हणाला, ‘वो गया.’

खाला मटकन खाली बसली.

अब्बांनी रिसीव्हर घेतला. आवाज जराही न चढवता विचारलं, ‘किधर गया?’ उत्तर आलं ते नीट कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग स्वतःच वाक्य जुळवून त्याच्याकडून वदवून घेतलं. ड्यूटीपे गया, गाडी आयी थी, रात को आयेगा. प्रत्येक तुकड्याला पलीकडून ‘हां, ड्यूटी, ड्यूटी’ आलं, तेव्हाच त्यांनी खालाच्या खांद्यावर हात ठेवला. बिल किती झालं ते आता आठवत नाही. ते बूथवाल्याने घेतलं नाही एवढं आठवतं.

त्या दिवशी देशात किती बूथांवर असे फोन लागले असतील आणि किती ठिकाणी पलीकडून कुणी ‘ड्यूटी’ म्हणालं नसेल, हे पुढे आकडे आले तेव्हा कळलं. सौदी विमानात ३१२ माणसं होती. दिल्लीहून दहरान आणि तिथून जेद्दा असा त्याचा मार्ग. बहुतेक भारतीय, काही नेपाळी. जास्त करून पोटासाठी निघालेले, म्हणजे आमच्याच मोहल्ल्यातल्यासारखे. कझाक विमानात ३७. एकूण ३४९. त्यातलं एकही माणूस जगलं नाही. हवेतल्या हवेत दोन विमानांच्या टकरीत इतकी माणसं जगात कुठंही, कधीही गेलेली नाहीत.

हे कसं घडलं त्याची चौकशी न्यायमूर्ती लाहोटी यांच्या आयोगाने केली. वर्तमानपत्रांत तुकड्या-तुकड्यांनी येणारं ते सगळं अब्बा कापून ठेवायचे. मला त्यातलं जे उमगलं ते असं. तेव्हा दिल्लीला येणारी आणि दिल्लीहून जाणारी प्रवासी विमानं आभाळातल्या एकाच वाटेने ये-जा करायची, कारण आजूबाजूचं बरंचसं आकाश वायुदलाच्या ताब्यात होतं. एकाच अरुंद रस्त्यावर समोरासमोर गाड्या, फक्त एक वर आणि एक खाली. कझाक विमानाला सांगितलं होतं, १५ हजार फुटांवर ये आणि तिथंच राहा. सौदी विमानाला सांगितलं होतं, १४ हजारांवर राहा. मध्ये हजार फुटांचं अंतर. ते पाळलं गेलं असतं तर दोन्ही विमानं एकमेकांच्या वरून-खालून निघून गेली असती आणि प्रवाशांना कळलंही नसतं.

दिल्लीच्या कंट्रोलरसमोरचं तेव्हाचं रडार विमान कुठं आहे ते दाखवायचं, किती उंचीवर आहे ते दाखवत नव्हतं. उंची वैमानिकाला विचारायची आणि तो सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा. पडद्यावर दोन ठिपके एकमेकांकडे सरकताना दिसतात, ते एकमेकांवर येणार की वरून-खालून जाणार हे केवळ शब्दांवर ठरतं! कझाक विमानातून आपण १५ हजारांवर असल्याचं कळवलं गेलं. कंट्रोलरने त्यांना सावधही केलं. समोरून सौदीचं जंबो येतंय, दिसलं की सांगा. पलीकडून विचारणा झाली, किती मैल? कंट्रोलरने अंतर सांगितलं, समोरच्या विमानाची उंचीही सांगितली. शोधतोय, असं उत्तर आलं. बोलणं तर झालं. शब्द गेले, शब्द आले. आणि त्याच वेळी कझाक विमान १५ हजारांच्या खाली, आणखी खाली उतरत होतं.

त्या विमानात रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा होता, विमान चालवणारे वेगळे. इंग्रजी त्यातल्या त्यात रेडिओवाल्याला येत होतं. पण त्याच्या जागेवर उंची दाखवणारं घड्याळ नव्हतं. वैमानिकांच्या खांद्यावरून वाकून बघावं लागायचं. ज्यांच्या डोळ्यांसमोर घड्याळ होतं त्यांचं इंग्रजी यथातथा, आणि त्यांची सगळी हयात मीटर-किलोमीटरच्या हिशेबात उडण्यात गेलेली. म्हणजे ज्याला कळत होतं त्याला दिसत नव्हतं, ज्यांना दिसत होतं त्यांना नीट कळत नव्हतं. अगदी शेवटी त्या रेडिओवाल्याच्या लक्षात आलं. तो ओरडला, विमान थोडं वर घेतलं गेलं, आणि तिथंच घात झाला. खालीच राहिलं असतं तर कदाचित सौदी विमानाच्या पोटाखालून निघून गेलं असतं. दिल्लीच्या टॉवरला काय झालं ते पहिल्यांदा कळलं तेही दुसऱ्या एका वैमानिकाकडून. तो अमेरिकी वायुदलाचा. ढगात मोठा उजेड दिसला, एवढंच त्याने सांगितलं.

विनापरवाना खाली उतरल्याचा ठपका आयोगाने कझाक वैमानिकांवर ठेवला. कंट्रोलरची चूक निघाली नाही. कागदावर हे बरोबर आहे. पण मला वाटतं, जी माणसं घरात एक, शाळेत दुसरी आणि कचेरीत तिसरी भाषा बोलत मोठी झाली आहेत त्यांना त्या विमानातली गत जरा जास्त कळेल. आमच्या घरात दखनी, शाळेत मराठी, मशिदीत अरबी. सहावीत असताना मी दादीला दवाखान्यात नेत असे. डॉक्टर मराठीत विचारणार, मधूनच इंग्रजीत बोलणार. मी दखनीत दादीला सांगणार. दादी प्रत्येक गोष्टीला मान डोलावणार, कारण मोठ्या माणसापुढे ‘समजलं नाही’ म्हणणं तिला बेअदबीचं वाटायचं. डॉक्टर ती मान पाहून खूश. दादीची मान ‘कळलं’ म्हणून हलत नव्हती, ‘तुमचा मान राखते’ म्हणून हलत होती. गरिबांचं बरंचसं ‘हां’ या जातीचं असतं. परक्या भाषेपुढे माणूस आधी भिडस्त होतो, मग चुकतो.

माझा एक भाचा विमानतळावरच्या यंत्रांच्या दुरुस्तीचं काम करतो. त्याच्याकडून मला कळलं की अब्बांची उंबऱ्यातली शिस्त विमानांच्या जगात जुनीच आहे. तिला रीडबॅक म्हणतात. कंट्रोलरने उंची, दिशा, धावपट्टी सांगितली की वैमानिकाने नुसतं ‘ठीक’ म्हणायचं नाही, तेच आकडे परत म्हणायचे. आणि कंट्रोलरने ते कान देऊन ऐकायचे. चुकलं तर तिथंच अडवायचं. आकडेही सुटे-सुटे बोलायचे, एक-चार-शून्य असे. इंग्रजीतला नऊ ते ‘नायनर’ म्हणतात, कारण खरखरीत नाईन आणि फाइव्ह सारखेच ऐकू येतात. आपल्याकडे एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांनी किती बाजारांत भांडणं लावली असतील! भाचा म्हणाला, ‘मामू, आकडा बोललेला कधीच पुरत नाही. तो परत आला पाहिजे.’ त्याने आजोबांना कधी दुकानाच्या यादीवरून शिव्या खाल्ल्या नसतील, तरी बोलला तेच.

पण परत बोलण्यालाही अचूक शब्द लागतात. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचं ‘कांचनजंगा’ हे बोइंग मुंबईहून दिल्ली, बैरुत, जिनिव्हा असं लंडनला चाललं होतं. डॉ. होमी भाभा त्यात होते. ११७ माणसं. विमानातलं दिशा दाखवणारं एक यंत्र बिघडलेलं आहे हे वैमानिकाला बैरुतहून निघतानाच ठाऊक होतं. माँ ब्लाँ शिखर आपण ओलांडलं असा त्याने अंदाज बांधला आणि तसं कळवलं. जिनिव्हाच्या कंट्रोलरला रडारवर दिसत होतं की शिखर अजून पुढे आहे. त्याने तसं सांगितलंही. पण सांगितलं ते अशा शब्दांत, की वैमानिकाला वाटलं, ओलांडलंच म्हणतोय. तो खाली उतरत राहिला. फ्रान्सच्या चौकशीत हेच निघालं. दुरुस्ती केली होती, पण नेमके शब्द नव्हते म्हणून ती उलटी समजली गेली. भाभांच्या मृत्यूमागे कट होता अशा गोष्टी आपल्याकडे अजून चवीने सांगितल्या जातात. कटात निदान कुणाचा तरी हेतू असतो. इथे सांगणाऱ्याचा हेतू चांगला, ऐकणारा अनुभवी, आणि तरीही मधल्या मध्ये ११७ माणसं गेली. मला याचीच जास्त भीती वाटते. २०२० साली त्या डोंगरावरच्या हिमनदीतून विमानातली भारतीय वर्तमानपत्रं बाहेर आली. इंदिरा गांधी पंतप्रधान होणार ही बातमी त्यांवर वाचता येत होती. बर्फाने शब्द जपले होते.

कधी कधी शब्द नीट कळूनही कुणी बोलत नाही. स्पेनच्या तेनेरिफे बेटावर २७ मार्च १९७७ला दाट धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवरच आदळली. ५८३ माणसं गेली. डच विमानाचा कप्तान त्या कंपनीतला मोठा माणूस, इतरांना शिकवणारा, जाहिरातींत ज्याचा फोटो छापायचे असा. उड्डाणाची परवानगी मिळालेली नसताना त्याने विमान पळवायला घेतलं. टॉवर आणि दुसरं विमान एकाच वेळी रेडिओवर बोलले, त्यामुळे नुसती शिटी ऐकू आली. मागे बसलेल्या इंजिनियरने शंका काढली, ते विमान अजून धावपट्टीवरून हटलं नाही का? कप्तान ठासून म्हणाला, हटलं की. इंजिनियर पुढे काही बोलला नाही.

हे वाचलं तेव्हा मला रमजानमधल्या तरावीहची नमाज आठवली. पुढे हाफिज कुराण म्हणत असतो आणि पहिल्या सफेत त्याच्या मागे दुसरा हाफिज कान लावून उभा असतो. पुढच्याची आयत चुकली की मागचा लुक्मा देतो, बरोबर शब्द मोठ्याने म्हणतो. पुढच्याने थांबायचं, तो घ्यायचा आणि मग पुढे जायचं. शिराळ्यात एके वर्षी बाहेरून आलेल्या नामवंत हाफिजला सोळा-सतरा वर्षांच्या पोराने लुक्मा दिला होता. हाफिजसाहेबांनी तो घेतला आणि नमाजीनंतर त्या पोराला जवळ बसवून खजूर दिला. त्या कॉकपिटमध्ये लुक्मा दिला गेला होता. घेतला गेला नाही. तेनेरिफेनंतर विमानांच्या जगाने हाताखालच्यांनी बोलायचं कसं आणि कप्तानाने ऐकायचं कसं याचं शिक्षण सुरू केलं. टेक-ऑफ हा शब्दसुद्धा प्रत्यक्ष परवानगी देतानाच उच्चारायचा, एरवी नाही, असा नियम झाला. दादरीनंतर येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांच्या वाटा वेगळ्या झाल्या, आणि दोन विमानं जवळ आली तर वैमानिकाला आपणहून सावध करणारं यंत्र भारतात सक्तीचं झालं. वैमानिक आणि कंट्रोलर यांच्या इंग्रजीची परीक्षा जगभर ठरली ती २००३ साली. अमलात यायला मात्र पुढे बरीच वर्षं गेली.

सगळं नीट झालं असं म्हणावं, तर ८ जून २०२४ला मुंबईत काय झालं पाहा. एअर इंडियाचं विमान धावपट्टीवरून उठत होतं आणि त्याच धावपट्टीवर मागून इंडिगोचं विमान टेकलं. दोघांनाही टॉवरची परवानगी होती! मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि तिच्यावर दिवसाला नऊशेच्या घरात विमानं चढतात-उतरतात. कुणालाही काही झालं नाही. कंट्रोलरला कामावरून बाजूला केलं गेलं, चौकशी लागली. मोबाईलवर तो व्हिडिओ फिरत होता तेव्हा लोक कंट्रोलरला शिव्या घालत होते. मला त्याच्या खुर्चीचा विचार येत होता. तारबाबूचा मुलगा असल्यामुळे असेल.

असा विचार अब्बांनाही यायचा. १ जुलै २००२च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेन गावावर दोन विमानं आदळली. एक मालवाहू, दुसरं रशियातल्या बाश्कोर्तोस्तानचं, बहुतेक शाळकरी मुलांनी भरलेलं. ७१ जीव गेले. सावध करणारं यंत्र दोन्ही विमानांत होतं. यंत्र मुलांच्या विमानाला म्हणालं, वर जा. झुरिचचा कंट्रोलर म्हणाला, खाली जा. वैमानिकाने माणसाचं ऐकलं. यंत्राने खाली जायला सांगितलेलं दुसरं विमान यंत्राचं ऐकून खालीच येत होतं. फेब्रुवारी २००४ मध्ये बायको आणि दोन मुलं गमावलेला एक बाप त्या कंट्रोलरच्या दारात गेला. त्याला तिथली भाषा धड येत नव्हती. त्याने मुलांचे फोटो पुढे केले. कंट्रोलरने हात झटकला, फोटो खाली पडले, असं त्याने पुढे कोर्टात सांगितलं. कंट्रोलर आपल्या घरासमोरच भोसकला गेला.

ही बातमी मी अब्बांना वाचून दाखवली. तेव्हा त्यांची नजर गेली होती. कान शाबूत होते. मला वाटलं ते मारणाऱ्याबद्दल काही बोलतील, नाहीतर त्या मुलांबद्दल. बराच वेळ गप्प होते. बोटं खाटेच्या लाकडावर वाजत होती. मग म्हणाले, ‘उस रात को दुसरा आदमी किधर था?’

मी म्हणालो, विश्रांतीला गेला होता. तिथं रात्री तसा रिवाजच होता. हा एकटाच दोन ठिकाणचे पडदे सांभाळत होता.

‘और फोन?’

फोन दुरुस्तीसाठी बंद ठेवला होता, मी सांगितलं. शेजारच्या कार्लस्रुह केंद्रातल्या लोकांना धोका दिसला होता. ते फोन लावत होते, लागला नाही.

अब्बांची बोटं थांबली. ‘फिर उन्ने पूछनेका किसको?’ ते म्हणाले, आणि मला पुन्हा पहिल्यापासून वाचायला सांगितलं.